स्लाइडवरचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. शाळेच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, पण त्या नावानं आजवर मला कुणी हाक मारलेली नाही. चेन्नईत मैलापूरच्या एका बोळात, एका पॅथॉलॉजी लॅबच्या पहिल्या मजल्यावर, काचेच्या कपाटात मी राहतो. माझ्याशेजारी एक छोटा दिवा सदैव जळत असतो. तो काही माझ्या मानासाठी नाही. या गावची हवा अशी दमट की जरा दुर्लक्ष झालं तर भिंगांवर बुरशीची जाळी चढते, म्हणून ती ऊब. पण नव्या माणसाला वाटतं, इथे देवघरच आहे. रक्त द्यायला आलेल्या एका आजींनी तर चप्पल काढून मला नमस्कार केला होता. मी गप्प बसलो. नमस्कार कोण नाकारतो?

माझा जन्म जपानमधला. काच घासून घासून तिचं भिंग करणाऱ्या, कमी बोलणाऱ्या माणसांच्या हातून मी घडलो. मग लाकडी खोक्यात भुशात गाडून, जहाजानं मला मद्रासला आणलं. हो, तेव्हा या गावाचं नाव मद्रासच होतं. खोकं उघडलं डॉक्टर वेंकटरमण यांनी. ही लॅब त्यांनीच काढलेली. त्यांनी माझ्याखाली सगळ्यात आधी काय ठेवलं असेल? सांबारासाठी आणलेल्या छोट्या कांद्याचं साल! ते पाहून ते एवढे खूश झाले की त्यांनी घरातल्या स्वयंपाकिणीलाही वर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "यातलं एवढं सगळं आपण खातो?" आणि त्या दिवशी तिनं सांबारात कांदा घातला नाही म्हणे.

पुढे माझ्याखाली कांदा आला नाही. माणसं आली. म्हणजे माणसांचे तुकडे, तिळाएवढे, नखाएवढे. कुणाच्या गळ्यातली गाठ, कुणाच्या पोटातला व्रण. त्यावर गुलाबी आणि निळा रंग चढवलेला असतो, आणि माझ्यातून पाहिलं की तो तुकडा मोठ्या गावासारखा दिसतो. गाव शहाणं आहे की बिघडलंय, एवढं डॉक्टरांनी ओळखायचं. मी फक्त दाखवायचो. त्यात माझं कौतुकही पुष्कळ झालं. दुसऱ्या लॅबमधले डॉक्टर शंकेची स्लाइड रुमालात गुंडाळून आणायचे आणि म्हणायचे, "तुमच्या म्हाताऱ्यातून एकदा पाहू द्या." तेव्हा मी म्हातारा नव्हतो. पण प्रेमानं म्हटलेलं चालतं.

आता गिरीधरमामांबद्दल सांगतो, कारण त्यांच्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही. गिरीधरराव हे मायक्रोस्कोप दुरुस्त करणारे. खांद्याला कातडी पिशवी लावून ते गावभरच्या लॅब आणि कॉलेजं हिंडायचे. घराणं तंजावरकडचं मराठी. पूर्वज तिकडे कधी गेले ते त्यांनाही धड सांगता येत नाही. त्यांची मराठी ऐकाल तर तुम्हाला हसू येईल. शब्द जुने आणि हेल तमिळ. लॅबमध्ये तेव्हा ते सगळ्यांशी तमिळ बोलायचे, आणि माझ्याशी मात्र मराठी. "काय रे बा, मान अवघडली तुझी? थांब, पाहतों." मला मराठी आली ती अशी.

माझ्यात एक खोड आहे. काचेची स्लाइड ज्या सपाट पाटावर ठेवतात त्याला स्टेज म्हणतात. बाजूचं चाक फिरवलं की तो स्टेज वरखाली होतो आणि चित्र स्पष्ट दिसतं. त्या चाकामागे एक कडं आहे. ते ढिलं पडलं की माझा स्टेज आपल्याच वजनानं हळूहळू खाली घसरतो, आणि पाहता पाहता चित्र विरघळतं. गिरीधरमामा दर वर्षी आयुधपूजेच्या आधी येऊन ते कडं आवळायचे. आयुधपूजा म्हणजे तुमची खंडेनवमीच. इकडे त्या दिवशी रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. अवजारांनी त्या दिवशी विश्रांती घ्यायची. आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पूजेतलं प्रत्येक अवजार थोडं तरी वापरायचंच, असा इथला रिवाज.

मग एके दिवशी लॅबमध्ये स्कॅनर आला. त्याच्या पोटात स्लाइडींचा ढीग घालायचा. तो एकेक गिळतो आणि तिचं चित्र पडद्यावर टाकतो. मान वाकवायला नको, डोळे बारीक करायला नकोत. तोवर वेंकटरमण डॉक्टर देवाघरी गेले होते आणि त्यांची विद्यार्थिनी सौम्या लॅब सांभाळत होती. तीही तंजावरकडची मराठीच, गिरीधररावांना मामा म्हणणारी आणि त्यांच्याशी मराठीत बोलणारी. तिच्या हाताखाली रुचिरा आली, नाशिकची, हुशार. नवऱ्याला सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी मिळाली म्हणून चेन्नईत आलेली. रुचिरा पडद्यावर शिकलेली. तिनं पहिल्याच दिवशी मला पाहून विचारलं, "मॅडम, हा चालतो?"

सौम्या म्हणाली, "चालतो. आपणच त्याला चालवत नाही."

मी कपाटात गेलो. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. पण गिरीधरमामा यायचे. मी वापरात नसलो तरी पूजेआधी येऊन कडं आवळायचे, भिंगं पुसायचे. सौम्या म्हणायची, "मामा, आता कशाला?" ते म्हणायचे, "कपाळास कुंकू लावणार ना तुम्ही? मग तोंड धुवायास नको?"

मित्रांनो, गेल्या दोन वर्षांत मामांच्या कामात एक नवीन गोष्ट शिरली. एक स्क्रू काढायचा, आणि "आलों हं" म्हणून घाईनं बाथरूमकडे जायचं. परत यायचे, दुसरा स्क्रू काढायचे, आणि पुन्हा "आलों हं". हसू नका. पुरुषांच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या खाली, प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. वय झालं की ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. पुष्कळ आजोबांना होतं आणि जवळजवळ सगळे आजोबा ते लपवतात. मामाही लपवत होते. फोडलं ते त्यांच्या बायकोनं, सकवारबाईंनी. त्या एकदा डबा घेऊन आल्या आणि सौम्याच्या खुर्चीशेजारी बसल्या.

"अम्मा, या माणसास सांग काही. कुठं जायचं म्हटलं की आधी विचारतंय, तिथं बाथरूम आहे का. कपालीश्वराच्या रथासही येईना यंदा. देवाहून बाथरूम मोठं झालं यास!"

"सकवार!" मामा माझ्यामागे लपून म्हणाले.

"काय सकवार? तुझ्या त्या यंत्रास सगळं ठाऊक, मज बोलायास बंदी?"

सौम्यानं त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्ताची चाचणी वाईट निघाली. तपासताना डॉक्टरांच्या बोटाला ग्रंथीत एक जागा टणक लागली. मग सुईनं आतून बारीक धागे काढले, इडियाप्पमच्या तुटक्या तांदूळ-शेवयांसारखे, आणि ते आमच्याच लॅबमध्ये आले. प्रश्न सरळ होता : साधी सूज की कर्करोग? मामांच्या हृदयावर एकदा शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे आणखी एखादं मोठं ऑपरेशन त्यांना झेपेल की नाही, याची डॉक्टरांनाच धास्ती होती. तरी कर्करोग निघाला तर सणानंतर ते करायचं ठरलं होतं. मामा सौम्याला एवढंच म्हणाले, "जे असेल ते मज खरं सांग. गोड करून सांगू नको."

ते त्या वर्षी माझं कडं आवळायला आले नाहीत. सुया टोचल्यावर काही दिवस विश्रांती सांगितली होती.

आपल्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, असा सौम्याचा नियम. हात थरथरतो, आणि मन थरथरलं तर कळतही नाही. म्हणून तिनं ती रुचिराला दिली. आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी पडद्यासमोरून उठून रुचिरा सौम्याकडे आली. तोंड पाहूनच सौम्या म्हणाली, "आहे?"

"छोटासा भाग आहे, मॅडम. पण आहे. एका धाग्याच्या टोकाला."

सौम्यानं मान हलवली. सही सणानंतर करायची होती. खाली दारात केळीचे खांब बांधले जात होते आणि कुणीतरी कोहळा कुठे ठेवला म्हणून ओरडत होतं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. स्कॅनरला कुंकू लागलं, तुकडे कापण्याच्या यंत्राला लागलं, संगणकाच्या उंदरालासुद्धा लागलं. मला कपाटातून काढून झेंडूची माळ घातली. चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, वाटली. सकवारबाई प्रसादाला आल्या होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सौम्याच्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला आणि विचारलं, "आलं का ग काही?" सौम्या म्हणाली, "सणानंतर, मामी." आणि तो तुकडा खाल्लाच नाही तिनं. माझ्याशेजारी ठेवला आणि विसरली.

विजयादशमीच्या सकाळी सौम्यानं माझी माळ उतरवली. रिवाजाप्रमाणे मला वापरायचं होतं. दर वर्षी ती माझ्याखाली एखादी जुनी शिकवायची स्लाइड ठेवायची, क्षणभर पाहायची, की झालं. या वेळी तिनं ट्रेमधून मामांची स्लाइड उचलली.

रुचिरा कॉफीचा पेला घेऊन उभी होती. "मॅडम, तुमचा नियम?"

"मी वाचत नाहीये. मुहूर्त करतेय."

 रुचिरानं कॉफी माझ्यापासून लांब ठेवली. शहाणी मुलगी.

मित्रांनो, तिला काय दिसलं ते तुम्हाला समजावून सांगतो. इकडे रोज सकाळी दारापुढे कोलम काढतात, आपल्या रांगोळीसारखा. निरोगी प्रोस्टेटमध्ये अशीच छोटी छोटी घरं असतात. मध्ये मोकळं अंगण, भोवती पेशींची एक रांग, आणि तिच्या बाहेरून आणखी एक बारीक रांग, कोलमच्या रेघेसारखी. कर्करोगात ती बाहेरची रेघ पुसली जाते. घरं लहान होतात आणि दाटीवाटीनं कशीही वाढत जातात. मामांच्या धाग्यात सूज होती, गर्दी होती, पण घरांभोवती रेघ होती. आणि टोकाला, त्या धाग्याच्या कडेवर, एक इवलासा तुकडा. त्यातल्या घरांना रेघ नव्हती.

"तुझं बरोबर आहे," सौम्या म्हणाली. तिनं डोळे बाजूला घेतले आणि चष्मा काढून पदरानं पुसायला लागली. चष्मा स्वच्छच होता. रुचिरानं खिडकीबाहेर पाहिलं.

आणि तेवढ्यात माझा स्टेज घसरला. कडं आवळलेलं नव्हतं ना! केसभर, त्याहून कमी, पण घसरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांनी कामाला लावलं आणि हे असं.

सौम्यानं पुन्हा डोळे लावले. "हे काय? मामांचा धागा धूसर झाला." तिनं चाकाकडे हात नेला आणि तसाच थांबवला. "रुचिरा, इकडे ये. पाहा. धागा धूसर आहे, आणि तो तुकडा लख्ख दिसतोय."

रुचिरानं पाहिलं. मग सौम्यानं चाक जरासं फिरवलं. धागा लख्ख झाला, तुकडा धूसर. पुन्हा फिरवलं. पुन्हा उलट.

"दोघं एका उंचीवर नाहीत," रुचिरा हळूच म्हणाली. "एकाच कापात असते तर एकदम दिसले असते. हा तुकडा वर बसलाय." मग तिनं कपाळाला हात लावला. "पडद्यावर तो मला जरा अस्पष्ट दिसला होता, मॅडम. मला वाटलं, स्कॅन हलला असेल."

"पाहुणा आहे हा. मामांचा नाही," सौम्या म्हणाली.

 मग रुचिरानं जे विचारलं त्यासाठी मी तिला सगळं माफ केलं. "मॅडम, रागावू नका. पण तुम्हाला तसं वाटायला हवंय, म्हणून तर तसं दिसत नाही ना?"

सौम्या रागावली नाही. "म्हणूनच आता माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. विजयेंद्रला बोलव."

विजयेंद्र म्हणजे तुकडे कापणारा तंत्रज्ञ. हाताचा हळुवार. धागे मेणाच्या वडीत घट्ट बसवायचे, वडीचे कांद्याच्या सालाहून पातळ काप काढायचे, ते काप कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि स्लाइडनं अलगद उचलायचे, हे त्याचं काम. एका माणसाचे काप झाले की पाण्यावरून कागद ओढून ते स्वच्छ करायचं. नाहीतर आधीच्या माणसाचा कण तरंगत राहतो आणि पुढच्याच्या स्लाइडवर चढून बसतो.

सौम्यानं काही न बोलता त्याला माझ्यातून पाहायला लावलं. त्यानं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तमिळमध्ये म्हणाला, "पूजेच्या आधी यंत्रं धुऊन ठेवायची होती, मॅडम. सगळे काप परवा दुपारीच संपवत होतो. फुलवाली खाली ओरडत होती, माळा घ्या, माळा घ्या... मी खाली जाऊन आलो. आणि परत येऊन पुढचीच वडी लावली." तो माझ्यापासून मागे सरला. "मध्ये कागद ओढला नाही."

"त्यांच्या आधी कुणाचे काप होते?" सौम्यानं विचारलं.

ते गृहस्थ कोण, हे मी तुम्हाला सांगणार नाही. दुसऱ्याचं दुखणं नावासकट सांगत फिरू नये. पण त्यांची स्लाइड आणली, तिच्यात तीच रेघ नसलेली घरं होती, तशीच दाटी. त्यांना कर्करोग होता, आणि त्यांच्या अहवालात तो बरोबर लिहिलेला होता.

विजयेंद्रनं मामांची मेणाची वडी पुन्हा लावली. सणाचा दिवस, घरी पायसम वाट पाहत होतं, पण तो उठला नाही. खोलवरचे नवे काप काढले, आणि प्रत्येक कापानंतर पाण्यावरून असा कागद ओढला की जणू देवाचं तीर्थ गाळतोय. तो तुकडा कुठेच आला नाही. तरी सौम्यानं सही केली नाही. कोलमची ती बाहेरची रेघ तेवढी तपकिरी करून दाखवणारा एक रंग असतो. तो लावून येईपर्यंत ती थांबली. रंग आला. मामांच्या एकूण एक घराभोवती तपकिरी रेघ होती. कुठे तुटक, कुठे फिकी, पण होती. टणक लागलेली जागासुद्धा सुजेचीच निघाली. तेव्हा रुचिरानं आपला जुना मसुदा खोडला आणि खाली दोघींनी सही केली.

मामा आले ते सकवारबाईंना घेऊन. इस्त्रीचा शर्ट, पांढरी वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, कपाळाला विभूती. जणू कुणाच्या लग्नाला निघालेत. कातडी पिशवी मात्र खांद्याला होतीच.

"कर्करोग नाही, मामा," सौम्या उभ्या उभ्याच म्हणाली. "सूज आहे. औषध घ्यायचं, आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. त्यात टाळाटाळ चालणार नाही."

मामा तिच्याकडे पाहत राहिले. "गोड करून तर सांगत नाहीस?"

"नाही." मग तिनं त्यांना सगळं सांगितलं, कागद ओढायचा राहिला तेही, स्टेज घसरला तेही. विजयेंद्र दारात खाली मान घालून उभा होता. सकवारबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग त्याच्याकडे वळल्या. "फुलं घ्यायास गेलास ना? चांगली तरी होतीं काय?" त्याला रडावं की हसावं कळेना.

मामा मात्र दुसऱ्याच विचारात होते. "मग तो तुकडा कुणाचा?"

सौम्यानं नकारार्थी मान हलवली.

"सांगू नका. पण कुणाचा तरी आहे ना," ते म्हणाले. "त्याच्या घरीं कुणी सांगितलं असेल हे? नीट सांगा हं त्यास. दारात उभं राहून सांगू नका." आणि त्यांनी त्या अनोळखी माणसासाठी क्षणभर डोळे मिटले. नुकताच मिळालेला आनंद त्यांनी आधी असा अर्धा वाटून टाकला.

त्या गृहस्थांना सौम्यानं स्वतः बोलावून, बसवून, वेळ देऊन सांगितलं. त्यांचे उपचार सुरू आहेत. हा आजार पुष्कळदा सावकाश चालतो, आणि वेळेवर कळला तर त्याला आवरता येतं. तेही आजोबा आहेत. मी त्यांनाही ओळखतो. त्यांचा तुकडा माझ्याखाली आला होता.

आमच्या लॅबमध्ये आता पूजेच्या आदल्या दिवशी काप काढत नाहीत. फुलं दुसरं कुणीतरी आणतं. आणि पडद्यावर जे जरा अस्पष्ट दिसतं, ते रुचिरा उचलून माझ्याकडे आणते. "म्हाताऱ्यातून पाहू या," म्हणते. आता मी खरंच म्हातारा आहे, तेव्हा तक्रार नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं जुनं काही कपाटात गेलं असेल तर त्याला अधूनमधून पुसा, हलवा, वापरा. पाणी असो की भिंग, एकाचं काम संपलं की पुढच्यासाठी ते स्वच्छ करून ठेवा. तुमचा विसरलेला कण दुसऱ्याचं आयुष्य बदलू शकतो. आणि घरातले आजोबा बाहेर निघताना चारदा मागे वळत असतील, रथाला यायला नको म्हणत असतील, तर त्यांना हसू नका. जवळ बसून विचारा. ते लाजतील. तुम्ही लाजू नका.

हां, तर अहवाल ऐकला त्या दिवशी मामांनी पिशवी उघडली आणि माझं कडं आवळायला घेतलं. रुचिरा म्हणाली, "मामा, थोडं ढिलंच राहू द्या ना. त्यानंच तर वाचवलं."

"ढिलं ठेवूं? मग गिरीधर येऊन गेला असें कोण म्हणेल?" त्यांनी स्क्रू काढला, बशीत ठेवला, दुसऱ्याला हात घातला, आणि एकदम थबकले. सकवारबाईंकडे एकदा चोरून पाहिलं.

"आलों हं," ते म्हणाले. या वेळी मोठ्यानं, सगळ्यांदेखत.

"सावकाश ये," सकवारबाई म्हणाल्या. "तुझं यंत्र कुठं जात नाही."

आणि मी खरंच कुठे गेलो नाही. उघड्या पाठीनं, अर्ध्या सुटलेल्या कड्यानिशी, त्यांची वाट पाहत उभा राहिलो.